तिन्ही डिप सम क्रमांकाचे

प्रिय बंड्या,

इतके महिने पत्र नाही म्हणून रागावला असशील, तो राग रास्त आहे. इकडे तब्येती ठीक, पाठ बरी आहे. आता ज्यासाठी लिहायला बसलो ते सांगतो. घरात दुसऱ्या कुणाला सांगून उपयोग नाही, यातलं दुःख फक्त तुलाच कळेल.

टेस या ग्रह शोधणाऱ्या अवकाश-दुर्बिणीचा नवा सेक्टर, म्हणजे आकाशाच्या एका पट्ट्याची सुमारे महिनाभराची नोंद, मास्टच्या संग्रहावर आला. आपल्या ताऱ्यावर तिसरा डिप आहे, समोरून ग्रह गेल्यासारखा प्रकाशाचा उतार, आणि वेळ अगदी आपण काढली होती तीच. नाचू नकोस. खोली १५०० पीपीएम (दहा लाखांत १५००) आहे.

आधीच्या दोन्हींची १२०० होती. तिन्ही वेळा डेटा दोन मिनिटांचा आहे, त्यामुळे नमुने विरळ असल्याने खोली बुजली, हे कारण चालणार नाही. आणि आता ते जुनं भांडण काढू नकोस. डीट्रेंडिंगची, म्हणजे प्रकाशातले संथ चढउतार काढून टाकण्याची, खिडकी मी अठरा तासांची ठेवली आहे, म्हणजे पाच तासांच्या डिपच्या तिपटीपेक्षा जास्त, आणि वक्र बसवताना डिप झाकून ठेवला आहे. तुझी ती आठ तासांची खिडकी डिपचा तळच खाते, हे मी तेव्हाही म्हणत होतो. सर तुझ्या बाजूचे होते, तरी म्हणत होतो.

१२०० पीपीएम म्हणजे सूर्याएवढ्या ताऱ्यासमोर पृथ्वीच्या पावणेचारपट त्रिज्येचा ग्रह, जवळपास नेपच्यून. १५०० धरलं तर सव्वाचारपट. दोन्ही ग्रह चालतील. पण एकच ग्रह एकाच ताऱ्यासमोरून जाताना कधी लहान, कधी मोठा होत नाही. खोली बदलली म्हणजे एक तर आपलं मोजमाप बदललं, नाही तर प्रकाश दुसऱ्याच कुणाचा तरी कमी होतोय.

हा दुसरा कोण ते तुला माहीत आहे. तोच पूर्वेचा शेजारी, ३८ आर्कसेकंदांवरचा. टेसचा एक पिक्सेल २१ आर्कसेकंदांचा, म्हणजे तो दोन पिक्सेलही लांब नाही. आपला तारा साडेदहाव्या प्रतीचा, तो पंधराव्या. साडेचार प्रतींचा फरक, म्हणजे त्याचा प्रकाश आपल्याच्या सुमारे १.६ टक्के. त्यातला पहिल्या दोन सेक्टरांत अपर्चरमध्ये (प्रकाश मोजायला निवडलेल्या पिक्सेलांत) येत होता ०.८ टक्का. नव्या सेक्टरात कॅमेरा वेगळ्या कोनात फिरलाय, तारा डिटेक्टरवर दुसरीकडे पडलाय आणि टेसच्या डेटावर आपोआप प्रक्रिया करणाऱ्या पाइपलाइनने निवडलेल्या अपर्चरमध्ये पूर्वेकडचा एक पिक्सेल जास्त आलाय. आता शेजाऱ्याचा वाटा १ टक्का होतो.

गुणोत्तर काढ. ०.८ चे १ झाले, १२०० चे १५०० झाले. दोन्हीकडे सव्वापट.

शेजारी म्हणजे एकमेकांना ग्रहण लावणारी ताऱ्यांची जोडी असेल आणि तिचं ग्रहण १५ टक्के खोल असेल, तर दोन्ही आकडे अचूक जुळतात. १५ टक्के अशा जोडीसाठी, बायनरीसाठी, काहीच नाही. क्राउडसॅपची (अपर्चरमधल्या प्रकाशात आपल्या ताऱ्याचा वाटा किती, त्या आकड्याची) दुरुस्ती इथे मदतीला येत नाही. ती डिप आपल्याच ताऱ्याचा आहे असं धरून परका प्रकाश वजा करते, आणि ०.९९० चं ०.९८८ झाल्याने खोलीत पडणारा फरक दोन-तीन पीपीएमचा. तीनशेचा नाही.

आता तुझ्या बाजूने बोलतो, म्हणजे वाचता वाचता उठून फोन करणार नाहीस. हा तिसरा डिप पहिल्या कक्षेच्या अगदी शेवटाला आलाय. यान १३.७ दिवसांची फेरी संपवून पृथ्वीजवळ येत असतं, विखुरलेला प्रकाश चढायला लागतो आणि पार्श्वभूमी दर तासाला बदलते. ती जरा जास्त वजा झाली तरी खोट्या पीपीएमची भर पडते. क्वालिटीच्या रकान्यात ४०९६ चा (विखुरलेल्या प्रकाशाचा) झेंडा डिपनंतर थोड्याच वेळात सुरू होतो. म्हणून पाइपलाइनची पार्श्वभूमी बाजूला ठेवून, जवळच्या अंधाऱ्या पिक्सेलांवरून आपली आपण काढायची आणि खोली पुन्हा मोजायची. १२०० च्या आसपास उतरली तर मी तुझ्यापेक्षा मोठ्याने ओरडेन. १५०० च राहिली तर शेजाऱ्यावरचा संशय पक्का होईल.

पण खरा घोर याहून मोठा आहे, आणि तो तू पोस्टरवर ठळक अक्षरांत छापलेल्या २४.५२ दिवसांच्या आवर्तकाळाचा आहे. पहिल्या आणि दुसऱ्या डिपमध्ये ७३५.६ दिवस, दुसऱ्या आणि तिसऱ्यात ३४३.२८. २४.५२ ने भागलं तर ३० आणि १४. छान. ४९.०४ ने भागलं तर १५ आणि ७, तेही तितकंच छान. ४९.०४ चा तिसरा हिस्सा, १६.३५, बाद होतो, कारण पहिल्या सेक्टरात डिप नवव्या दिवशी आहे, पुढचा पंचविसाव्या दिवशी दिसायला हवा होता आणि तिथला डेटा स्वच्छ आहे. त्याहून लहान आवर्तकाळही असेच जातात. उरतात दोन. तुझा आवर्तकाळ खरा मानला तर आपल्याकडचे डिप क्रमांक ०, ३० आणि ४४ चे आहेत. तिन्ही सम! विषम क्रमांकाचा एकही डिप आपण पाहिलेला नाही.

म्हणजे बायनरी पकडायची सगळ्यात साधी चाचणी, सम आणि विषम डिपची खोली ताडून बघायची, ती आपल्याला करताच येत नाही. ४९.०४ दिवसांची जोडी असेल तर मधलं ग्रहण निम्म्या खोलीचं असू शकतं, किंवा नसूही शकतं. पाच तासांचा कालावधी २४.५ दिवसांना शोभतो (सूर्यासारख्या ताऱ्याच्या मधोमध गेला तर सव्वापाच तास लागतात) हे तुझं म्हणणं बरोबर आहे. पण ४९ दिवसांचा ग्रह मध्यापासून ताऱ्याच्या दोन तृतीयांश त्रिज्येएवढा बाजूने गेला की त्यालाही पाचच तास लागतात. आणि हे सगळं गणित आपल्या ताऱ्याची त्रिज्या धरून आहे. डिप शेजाऱ्याचा असेल तर ते मुळातच लागू नाही.

गाया या ताऱ्यांची मोजणी करणाऱ्या यानाच्या यादीकडे पुन्हा जाऊन आलो. आपल्या ताऱ्याचा रुवी (एकट्या ताऱ्याचं गणित किती नीट बसतं तो आकडा) १.४ च्या बराच खाली, त्याच्याबद्दल तक्रार नाही. शेजारी डीआर३ च्या, म्हणजे गायाच्या तिसऱ्या डेटासंचाच्या, ग्रहणी जोड्यांच्या यादीत नाही. त्या यादीत वीस लाखांवर नावं आहेत म्हणून तू तो निर्दोष धरलास, ते मला पटत नाही. महिन्या-दीड महिन्यात पाच तास मंदावणारा तारा गायाच्या तुरळक नोंदींतून सहज निसटतो. डीआर४ मध्ये सगळ्या ताऱ्यांच्या वेळेनुसार नोंदी मिळतील, पण तो डिसेंबर २०२६ ला अपेक्षित आहे आणि तुला ताऱ्याचा वेग मोजण्याच्या रात्रींसाठीचा अर्ज त्याआधी पाठवायचाय.

तो अर्ज तूर्त पाठवू नकोस. नेपच्यूनच्या वस्तुमानाचा ग्रह २४.५ दिवसांच्या कक्षेत असला तर तारा सेकंदाला पावणेचार मीटरने हलेल. ते मोजायला कित्येक रात्री लागतात, आणि शेजारी दोषी निघाला तर त्या सगळ्या आपण वेग न बदलणाऱ्या ताऱ्यावर घालवलेल्या असतील. आधी स्वस्तातलं करू. जमिनीवरून आपल्या ताऱ्याचा ०.१२ टक्का पकडणं अवघड, पण तो पकडायचाच नाहीये. शेजारी १५ टक्के मंदावतो का एवढंच बघायचं, आणि ३८ आर्कसेकंदांवरचे दोन तारे लहान दुर्बिणीतही सुटे दिसतात. पुढच्या विषम डिपच्या रात्री बघू. तेव्हा मंदावला नाही तर पुढच्या समलाही बघावं लागेल, त्याशिवाय त्याची सुटका नाही. तो सुटला तर मग किऑप्स ही अवकाश-दुर्बीण मागू. त्याचा पिक्सेल एका आर्कसेकंदाचा, नेहमीच्या २५ पिक्सेल त्रिज्येच्या अपर्चरबाहेर शेजारी राहतो.

त्याआधी घरबसल्या होण्याजोगं एक काम. एका सेक्टरात एकच डिप असला की पाइपलाइनचा तपासणी अहवाल निघत नाही, त्यामुळे फरक-प्रतिमा हाताने काढायला हवी. पहिला सेक्टर सोड. तिथे डिपला लागूनच मोमेंटम डंप, म्हणजे यान वळवणाऱ्या चाकांचा वेग उतरवणं, आहे (३२ चा झेंडा बघ), तारा पिक्सेलभरात सरकलाय आणि वजाबाकीत एका बाजूला उजळ, दुसऱ्या बाजूला काळा असा जोडडाग येतो, त्याचा डिपशी संबंध नाही. दुसरा सेक्टर स्वच्छ आहे. डिपच्या आतल्या दीडशे फ्रेमची सरासरी घे. दोन्ही बाजूंना तासभर सोडून पाच-पाच तासांची बाहेरची सरासरी घे आणि तिच्यातून आतली वजा कर. उजळ ठिपका कुठल्या पिक्सेलवर येतो ते बघ. मग शेजाऱ्याच्या एकट्या पिक्सेलचा लाइट कर्व्ह (वेळेनुसार प्रकाशाचा आलेख) काढ. तिथला पाचवा हिस्सा प्रकाश त्याचा असेल, तर १५ टक्क्यांचं ग्रहण त्या पिक्सेलमध्ये ३ टक्के दिसलं पाहिजे. गोंगाट कितीही असो, ३ टक्के लपत नाहीत. नुसता ०.१२ टक्का असेल तर तो गोंगाटात बुडून जाईल, आणि ते न दिसणं आपल्या फायद्याचं.

दुसऱ्या सेक्टरचं तू कर, तिसऱ्याचं मी करतो. आकृत्या एकाच दिवशी एकमेकांना पाठवू, त्याआधी फोनवर एक अक्षर नाही. तुझ्या आवाजावरूनच मला उत्तर कळतं आणि मग माझेही डोळे तेच शोधायला लागतात.

घर बदललंस ते वहिनींकडून कळलं, नवा पत्ता तेवढा कळव. धाकटीचा निकाल काय लागला? बापूंना नमस्कार सांग आणि त्यांचं ऑपरेशन नीट झालं का ते लिही, मागच्या वेळी विचारायचं राहून गेलं.

पुढच्या विषम डिपची वेळ बीटीजेडीमध्ये (टेसच्या दिनगणनेत) वेगळ्या चिठ्ठीवर लिहून सोबत जोडली आहे. त्यात २४५७००० मिळवायला विसरू नकोस.

तुझा,
नाना