थेट विमानानंच या

तीर्थरूप आई-बाबांना,
शिरसाष्टांग नमस्कार.

बाबा, परवा फोनवर तुम्ही विचारलंत, "मुंबई ते लंडन 7,200 किलोमीटर, विमान ताशी नऊशेनं जातं, मग आठ तासांत पोचायला हवं. तिकिटावर दहा तास का?" तुमची सगळी नोकरी एसटीच्या वेळा लावण्यात गेली, हा हिशेब तुम्हाला खटकणारच. म्हणून सविस्तर लिहिते.

माझा शाळेतला पृथ्वीगोल कपाटावर असेल, तो काढा. दोऱ्याचं एक टोक मुंबईवर धरा, दुसरं लंडनवर, आणि दोरा ताणा. तो कराची, इराण, कॅस्पियन समुद्राचं खालचं टोक, मग युक्रेन, पोलंड असा जाईल. तुमचे 7,200 किलोमीटर ते हे. पण युक्रेनचं आकाश फेब्रुवारी 2022 पासून प्रवासी विमानांना बंद आहे, आणि एप्रिल 2025 मध्ये पाकिस्ताननं भारतीय कंपन्यांच्या विमानांना आपली हद्द बंद केली. मग अरबी समुद्रावरून वळसा पडतो. त्यात दहा-बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचे वारे वाहतात. इकडे येताना ते समोरून येतात, घरी जाताना पाठीशी असतात. म्हणून परतीला साधारण तासभर कमी लागतो. शिवाय लंडनच्या हीथ्रो विमानतळावर गर्दी असली की विमानाला उतरण्याआधी घिरट्या घालत थांबावं लागतं.

दुबईला किंवा दोह्याला विमान बदललं तर तिकीट स्वस्त पडतं, हे खरं. पण मधे उतरायचं, पुन्हा तपासणी, पुन्हा गेट शोधत चालायचं, तेही अपरात्री आणि तुमचा गुडघा असा असताना! मला ते अजिबात नको आहे. चार पैसे जास्त गेले तर जाऊ देत, ते मी भरणार आहे.

आई, आता तुझ्यासाठी. विमानातली हवा कळसूबाईच्या शिखरावर असते तशी, बहुतेक वेळा त्याहूनही विरळ असते, आणि फार कोरडी. तहान लागली नाही तरी घोट घोट पाणी पीत राहा. बसून बसून पाय सुजतात, म्हणून तास-दीड तासानं उठून दोन फेऱ्या मार. इन्शुलिन मोठ्या बॅगेत टाकू नकोस, खाली सामानात ते गोठू शकतं. डॉक्टरांच्या चिठ्ठीसकट हातातल्या पिशवीत ठेव. मे महिन्यात इथलं घड्याळ आपल्यापेक्षा साडेचार तास मागे असतं. दुपारी एकला निघालात तर इथे संध्याकाळी साडेसहाला पोचाल, पण तेव्हा आपल्याकडे रात्रीचे अकरा वाजलेले असतील. डोस कधी घ्यायचा ते डॉक्टरांकडून आधीच लिहून आण. इथे पोचेपर्यंत हातातलं घड्याळ बदलू नकोस.

आणि बाबा, व्हीलचेअर मी मागवणार आहे. हीथ्रोवर विमानातून उतरल्यावर इमिग्रेशनपर्यंत फार चालावं लागतं, नंतर रांगेत उभं राहायचं ते वेगळंच. तुम्ही नाही म्हणाल हे ठाऊक आहे. या एका बाबतीत माझं ऐका.

दोघांच्या पासपोर्टच्या पहिल्या पानाचे फोटो रविवारपर्यंत पाठवा. तिकिटावर नाव अगदी तसंच्या तसं घालावं लागतं. लवकर काढलं तर शेजारशेजारच्या सीट मिळतील, बाबांना कडेची.

तुमची,
छकुली