मामाच्या धाकट्याला मुंबईला पाठवायच्या आधी

ती. आई-बाबा,
सा. न.

परवा बाबांचा फोन आला तेव्हा मी आरामनगरला ऑडिशनच्या रांगेत उभी होते, माझ्यापुढं अजून वीसेक जण होते आणि आतून नावं पुकारत होते त्यामुळं नीट बोलताच आलं नाही. मग घरी येऊन विचार करत बसले आणि वाटलं की फोनवर परत तुटक तुटक सांगण्यापेक्षा सगळं एकदा लिहूनच काढावं. आई, तुला मोबाईलवरचं बारीक अक्षर दिसत नाही, तर बाबांना मोठ्यानं वाचायला सांग, पण मामा समोर असताना नको, आधी तुम्ही दोघंच वाचा.

तर मामाच्या धाकट्यानं बारावी झाल्या झाल्या ॲक्टर व्हायचं म्हणून मुंबईला यायचा हट्ट धरलाय आणि मामाचं म्हणणं की तुमच्या पोरीचं बघून हा बिघडला. बाबा, तुम्ही गप्प बसलात ते मला आईकडून कळलं. मामाला काय सांगायचं ते तुम्ही मला विचारलंत, म्हणून सांगते, पण ते सांगताना माझंही काही सांगावं लागणारेय जे मी चार वर्षं तुम्हाला सांगितलेलं नाहीये.

पहिलं म्हंजे त्याला अडवू नका. सांगलीच्या पोराला नाटकाचा नाद लागला तर त्यात बिघडण्यासारखं काय आहे, 1843 साली विष्णुदास भाव्यांनी सीतास्वयंवर नाटक केलं ते आपल्याच गावात, नाटककार देवल हरिपूरचे, बालगंधर्वांचं नागठाणे आपल्याच जिल्ह्यात. बाबा, तुम्हीच मला 5 नोव्हेंबरला रंगभूमी दिनाच्या कार्यक्रमाला घेऊन जायचात, मी लहान होते, भावे पदक कुणाला मिळतंय ते कळायचं नाही पण ते सगळं नाट्यगृह उभं राहून टाळ्या वाजवायचं ते अजून डोळ्यांपुढं आहे. माझी सुरुवात तिथूनच झाली असं मी मानते.

पण आत्ता लगेच मुंबईला मात्र पाठवू नका. महालक्ष्मी एक्सप्रेसनं सकाळी उतरला आणि संध्याकाळपर्यंत काम मिळालं असं इथं होत नाही, आणि ज्याचं काहीच शिक्षण झालेलं नाही, स्टेजवर चार वेळा उभा राहिलेला नाही, त्या पोराला हे शहर फार लवकर दमवतं. माझ्या रूमवर वर्षभरात तीन मुली आल्या आणि गेल्या, तिघीही माझ्यापेक्षा दिसायला चांगल्या होत्या आणि एक तर खरंच गुणी होती, पण हातात ना काम ना पैसे ना काही शिकलेलं, मग सहा महिन्यांत माणूस आतून खचतो.

त्याला आधी पदवीला घाला, आणि शक्यतो पुण्याला. याची दोन कारणं आहेत. एक तर दिल्लीचं एनएसडी म्हंजे राष्ट्रीय नाट्य विद्यालय आणि पुण्याचं एफटीआयआय म्हंजे फिल्म इन्स्टिट्यूट या दोन्हीकडं ॲक्टिंगला जायचं तर पदवी लागतेच. एनएसडीचा कोर्स तीन वर्षांचा, त्याला आधी नाटकांत काम केल्याचा अनुभवही मागतात, सरकारी आहे, मुलांना स्कॉलरशिप मिळते त्यामुळं मामाच्या खिशाला फार भार नाही, पण देशभरातून पोरं येतात आणि जागा मोजक्याच. एफटीआयआयचा स्क्रीन ॲक्टिंगचा दोन वर्षांचा. आणि बारावीनंतर थेट नाटकच शिकायचं असेल तर पुणे विद्यापीठाचं ललित कला केंद्र आहे, तिथं नाटक घेऊन बी.ए. करता येतं, हे मामाला नक्की सांगा कारण त्याला डिग्रीचा कागद हवाय आणि पोराला नाटक हवंय, तिथं दोन्ही होतं.

दुसरं कारण पुरुषोत्तम करंडक, पुण्यातली कॉलेजांची एकांकिका स्पर्धा. बाबा, तुम्हाला मी तेव्हा फक्त "एकांकिका आहे कॉलेजची" एवढंच सांगितलं होतं. 1963 पासून ही स्पर्धा चालू आहे, भरत नाट्य मंदिरात होते, आणि तालमीच्या त्या दोन महिन्यांत मी जे शिकले ते नंतर पैसे भरून केलेल्या कुठल्याच वर्कशॉपमध्ये शिकले नाही. कॉलेज सुटल्यावर रात्री उशिरापर्यंत तालीम, पहिल्या वर्षी मला रोलच नव्हता, मी सेटच्या लेव्हल्स म्हंजे लाकडी चौथरे उचलायचे आणि विंगेत उभं राहून प्रॉम्प्टिंग करायचे. पण रोज विंगेतून बघताना कळायला लागलं की समोरचा बोलत असताना गप्प उभं राहणं किती अवघड असतं, ऐकायचं कसं, हात कुठं ठेवायचे, शेवटच्या रांगेतल्या माणसाला ऐकू जाईल असं पण न ओरडता कसं बोलायचं. आणि निकालाच्या आधी सगळं थिएटर "आव्वाज कुणाचा" म्हणून दणाणतं ना, ते एकदा अंगावर घेतलेलं पोरगं आयुष्यभर नाटक सोडत नाही, किंवा मग त्याला तिथंच कळतं की हे आपलं नाही, आणि वीस वर्षांचा असताना कळलेलं बरं. त्यानं पुण्याला नाही म्हटलं तरी सांगलीत राज्य नाट्य स्पर्धेला उतरणारे ग्रुप आहेतच, त्यांच्याकडं जाऊन "काहीही काम द्या" म्हणायचं, लाईट ओढायचं, पडदा ओढायचं, चहा आणायचा, सगळं करायचं. आणि आता मराठी सिरियलींची शूटिंगं काय फक्त मुंबईत होतात असं नाही, वाई, सातारा, कोल्हापूर इकडंही होतात, तिथं तिकडच्या बोलीत बोलणारी माणसं लागतात. मला स्वतःला माझ्या सांगली बोलण्यामुळं दोन कामं मिळालीत, जी बोली मी पुण्यात असताना लपवत होते. त्याला सांगा प्रमाण मराठी आणि हिंदी दोन्ही स्वच्छ बोलायला शिक, रोज अर्धा तास मोठ्यानं वाच, पण आपलं बोलणं विसरू नकोस.

आता इथं काम कसं मिळतं ते सांगते, कारण आई दर वेळी विचारते "अगं पण तू दिवसभर करतेस काय" आणि मी "चाललंय" म्हणते. आई, ऑडिशन देणं हेच माझं दिवसभराचं काम आहे. अंधेरीला वर्सोव्याजवळ आरामनगर म्हणून भाग आहे, जुनी बैठी घरं आहेत, त्यातल्या कित्येकांत कास्टिंगची ऑफिसं नाहीतर ऑडिशनचे स्टुडिओ आहेत. ग्रुपवर मेसेज येतो, "मुलगी, 25 ते 30, मिडलक्लास लुक, कुर्ता घालून या". आपण जायचं, दारातच एकजण वरून खाली बघतो आणि "नॉट फिट" म्हणतो, संपलं, तासभराचा लोकलचा प्रवास करून गेलेलं असलं तरी. पहिल्यांदा मी हे ऐकलं तेव्हा बाहेर टपरीवर उभी राहून रडले होते. फिट असलो तर रांग, मग आत पांढऱ्या भिंतीसमोर उभं राहायचं, नाव, वय, उंची, कुठली, काय काम केलंय ते सांगायचं, डावी बाजू दाखवायची, उजवी दाखवायची, हात दाखवायचे, मग दहा मिनिटांपूर्वी मिळालेला सीन करायचा. तीन मिनिटांत बाहेर. नंतर फोन येतो शॉर्टलिस्ट म्हणून, मग लुक टेस्ट, मग "लॉक आहेस" म्हणतात, म्हंजे तूच पक्की, आणि लॉक म्हणूनही शूटच्या आदल्या दिवशी चॅनेलला दुसरं कुणी आवडलं असं होऊ शकतं. माझ्या बाबतीत दोनदा झालंय.

हल्ली निम्म्या ऑडिशन घरूनच व्हिडिओ करून पाठवायच्या असतात. हे त्याला आत्तापासून सांगलीत बसून शिकता येईल, त्यासाठी काही लागत नाही. मोकळी भिंत, खिडकीचा उजेड तोंडावर येईल असं उभं राहायचं, मोबाईल आडवा धरून डोळ्यांच्या उंचीला ठेवायचा, मागं टीव्ही, कुकर चालू नको, आणि समोरच्या पात्राची वाक्यं म्हणायला दुसरं माणूस घ्यायचं. आठवड्याला एक सीन करून महिन्यानं आपलाच पहिला व्हिडिओ बघितला तरी खूप काही कळतं.

बाबा, तुम्ही दुधाचा हिशोब ज्या वहीत लिहिता तशी मी एक वही ठेवलीये. त्यात चार वर्षांत 311 ऑडिशन आहेत आणि 19 कामं. तुम्हाला हा आकडा कधी सांगितला नाही कारण तो ऐकून तुम्ही रात्रभर झोपणार नाही. पण मामाला सांगा, हा आकडा नीट काम करणाऱ्या, हार न मानता टिकलेल्या मुलीचा आहे. आणि 19 मध्ये आठ तर एका दिवसाची कामं, नर्स, शेजारीण, बँकेतली मुलगी.

पैशाचंही सांगते. सिरियलचे पैसे शूट झाल्यावर साधारण 90 दिवसांनी येतात, त्यातून टीडीएस कापला जातो, कोऑर्डिनेटरमार्फत, म्हंजे काम मिळवून देणाऱ्या मधल्या माणसामार्फत काम आलं तर त्याचं कमिशन वेगळं. म्हंजे आज काम मिळालं तरी तीन महिन्यांचं भाडं आधी जवळ पाहिजे. मी मालाडला एका खोलीत दोघींत राहते, माझ्या वाट्याचं भाडं साडेनऊ हजार. म्हणून मी सकाळी सोसायटीतल्या मुलांच्या मराठीच्या शिकवण्या घेते आणि मिळालं तर डबिंग करते. याची मला अजिबात लाज वाटत नाही. निळू फुले आधी पुण्यात मिलिटरीच्या मेडिकल कॉलेजात माळीकाम करायचे. डॉक्टर श्रीराम लागू नाक-कान-घशाचे सर्जन होते, नाटक सोबत चालूच होतं, पण दवाखाना बंद करून पूर्णवेळ नट झाले ते 1969 साली, बेचाळिसाव्या वर्षी. धाकट्याला म्हणून पोटापाण्याचं एक काहीतरी हाताशी असू दे, असं काम जे सोडून चार तासांत ऑडिशनला जाता येईल.

आता जे सांगायचं राहिलंय ते.

मुंबईत आल्यावर दुसऱ्याच महिन्यात मी बाबांकडून 25 हजार मागवले होते, खोलीच्या डिपॉझिटला म्हणून. बाबा, तुम्ही एफडी मोडून पाठवले होतेत. ते डिपॉझिटचे नव्हते. अंधेरीतल्या एका ऑफिसमध्ये मला सांगितलं होतं की तुझा चेहरा आवडलाय, सिरियलमध्ये बहिणीचा रोल पक्का आहे, फक्त पोर्टफोलिओ आमच्याच फोटोग्राफरकडून करायचा आणि कार्डाचे पैसे भरायचे. ऑफिसात एसी होता, भिंतीवर मोठ्या नटांबरोबरचे फोटो होते, त्यांनी माझ्याकडून ॲग्रीमेंटवर सही घेतली. पंधरा दिवसांनी गेले तर शटर बंद. मी पोलिसांतही गेले नाही कारण तुम्हाला कळेल म्हणून भ्यायले, आणि ती माझी सगळ्यात मोठी चूक, कारण माझ्यानंतर अजून कितीजणी त्या शटरच्या आत गेल्या असतील. चार वर्षं बाबांनी "डिपॉझिट परत मिळेल ना गं" विचारलं की माझ्या पोटात गोळा यायचा.

म्हणून हे एक वाक्य धाकट्याच्या डोक्यात पक्कं बसवा, की काम देणारा माणूस कधी पैसे मागत नाही. ना रजिस्ट्रेशनचे, ना ऑडिशनचे, ना ड्रेसचे. कमिशन असतं ते काम होऊन पैसे आल्यावर. फोटो पाहिजेत पण ते ओळखीतल्या कुणाकडूनही काढता येतात, मेकअपशिवायचे चार साधे स्वच्छ फोटो पुरतात. मीटिंग म्हणून रात्री हॉटेलात, कुणाच्या फ्लॅटवर बोलावलं तर जायचं नाही, मुलगा असला तरी. पोरांनाही त्रास होतो, ते सांगत नाहीत एवढंच. आणि काही झालंच तर त्यानं घरी सांगितलं पाहिजे, मामानं त्याला तेवढी जागा ठेवली पाहिजे. मला तुम्ही ठेवलीच होतीत, मलाच बोलायचं धाडस झालं नाही.

आणि आई, तू म्हणशील मग कशाला करतेस हे सगळं. गेल्या वर्षी एका व्यावसायिक नाटकात मला रिप्लेसमेंटला, म्हंजे दुसऱ्या नटीच्या जागी घेतलं, ते तुला माहितीये, पण त्याचा पहिला प्रयोग कसा झाला ते मी सांगितलंच नाही. चार दिवसांची तालीम, शिवाजी मंदिर, रविवार दुपार. तिसरी घंटा झाली आणि माझे पाय लटपटायला लागले, मोठ्या ताई होत्या सोबत त्यांनी काही न बोलता माझा हात धरून ठेवला एंट्रीपर्यंत. दुसऱ्या अंकात माझं एक वाक्य आहे, साधंच आहे, "मी तुला विचारलं नव्हतं", आणि ते म्हटल्यावर थिएटरमध्ये इतकं शांत झालं की मला कुणाच्या तरी बांगड्या वाजलेल्या ऐकू आल्या. तेवढ्या लोकांनी एकदम श्वास रोखलेला मला कळला. प्रयोग संपल्यावर नाईटचं, म्हंजे त्या प्रयोगाच्या मानधनाचं पाकीट मिळालं, त्यात दीड हजार होते, आणि मी दादरच्या पुलावरून चालत गेले स्टेशनला, टॅक्सी करायला पैसे असूनही, कारण मला लवकर घरी पोचायचंच नव्हतं.

मामाला सांगा सोमवारी मला फोन करू दे, शनिवार-रविवार प्रयोग असतात. धाकट्यालाही बोलायला द्या, मी त्याला ओरडणार नाही. ललित कलाच्या प्रवेशाची तारीख बघून मी त्याला कळवते, आणि दिवाळीआधी चार दिवस माझ्याकडं येऊन राहू दे, एखाद दिवशी आरामनगरला बरोबर नेईन, रांगेत उभं राहू दे, मग ठरवू दे त्याचं त्यानं.

बाबा, काल मी तुमच्या खात्यात 15 हजार टाकलेत. परत पाठवू नका. उरलेले 10 जूनच्या शूटिंगचे पैसे आले की टाकते, ते सप्टेंबरात येतील. एकदा बँकेत जाऊन पासबुक भरून आणा, आणि जाताना रिक्षा करा, गुडघ्याला त्रास देत चालत जाऊ नका. आईच्या बीपीच्या गोळ्या संपत आल्या असतील, त्याही येताना घ्या.

तुमची,
ताई