अनुदान यंत्राला द्या, पण खताची नळीही बघा

मा. कृषिमंत्री महोदय,
स. न. वि. वि.

पट्टा मशागतीचा, म्हणजे सगळे शेत न नांगरता फक्त पेरणीच्या ओळीचा पट्टा मोकळा करण्याचा, विषय निघाला की बोलणे यंत्राच्या अनुदानावर येते आणि तिथेच थांबते. आमचे म्हणणे असे की खत कुठे, किती आणि केव्हा पडले याची अट अनुदानात नसेल, तर ते यंत्र म्हणजे महागडा नांगरच.

75 सेंमी ओळींच्या मक्यात 20 ते 25 सेंमी रुंदीचा पट्टा मोकळा केला, की फार तर एक तृतीयांश जमीन हलते. बाकी धसकटांखाली झाकलेली राहते. पुढचा तवा काडी कापतो, दातेरी चाके ती बाजूला सारतात, फण 15 ते 20 सेंमी खोल जातो, मागचे दोन तवे उडालेली माती परत पट्ट्यावर ओढतात. दातेरी चाके जरा खोल लागली की काडीबरोबर मातीही बाहेर फेकली जाते. मग वरंब्याऐवजी पन्हळ तयार होते आणि पहिल्याच पावसात तिथे पाणी साचते.

'अमुक तारखेपर्यंत इतके हेक्टर' हे उद्दिष्ट तर आधी काढून टाका. वापसा, म्हणजे मशागतीला योग्य इतकाच ओलावा, तारीख बघून येत नाही. माती फणाच्या खोलीवरून काढून बघावी, वरची नव्हे. चिमटीत दाबल्यावर लांब फीत निघाली तर यंत्र उभेच ठेवावे. ओल्या जमिनीत फण बाजूच्या भिंती लिंपून टाकतो. वाळल्यावर त्या चकाकतात, मुळे आडवी न जाता त्यांच्या कडेने सरकत राहतात. वर ढेकळांत पोकळी राहते आणि बी नेमके तिच्यात पडते.

आता खत. स्फुरद (फॉस्फरस) जमिनीत जवळपास हलत नाही, म्हणून फणामागच्या नळीतून ते 12 ते 15 सेंमी खोल द्यायचे. बी 5 सेंमीवर पेरले तर मध्ये 7 सेंमी माती उरते आणि तेवढी लागतेच. युरिया काडीवर फोकला तर त्यातले नत्र (नायट्रोजन) अमोनिया होऊन उडते. तोच युरिया बियाण्याला चिकटला तर कोंब जळतो. बियाण्यासोबतच खत द्यायचे असेल तर नत्र आणि पालाश (पोटॅश) मिळून हेक्टरी 10 किलोच्या आत, आणि त्यात युरिया अजिबात नको. पट्टा आणि पेरणी एकाच आठवड्यात होत असेल तर पट्ट्यात नत्र थोडेच द्यावे, उरलेले पीक सहा ते आठ पानांवर आल्यावर ओळीच्या बाजूने. गव्हाच्या काडात कर्ब-नत्राचे प्रमाण 80:1 च्या आसपास असते. ते कुजवताना जिवाणू जमिनीतले नत्र ओढून घेतात आणि रोपे पिवळी पडतात. शेतकरी मात्र दोष यंत्राला देतो.

'पट्ट्यात दिले म्हणजे निम्म्यात भागते' हा प्रचारही थांबवा. स्फुरद कमी असलेल्या जमिनीत एखादा हंगाम ते खरे ठरेल. पण मक्याचे दाणे टनामागे साधारण 6 किलो स्फुरद (खतात मोजतात तसे, पीटूओफाइव्ह या ऑक्साइडच्या रूपात) शेताबाहेर नेतात. ते परत टाकले नाही तर जमीन उसनवारीवर चालते.

सर्वांत दुर्लक्षित गोष्ट माती परीक्षणाची. मागच्या वर्षीच्या खताच्या रेषेवरून दोन-तीन टोचे (नळी टोचून काढलेली माती) जास्त आले की अहवालात स्फुरद भरपूर दिसते आणि शिफारस शून्यावर येते. 75 सेंमी अंतर असेल तर रेषेवर एक टोचा आणि रेषेबाहेर वीस, हे प्रमाण धरावे. वरचा 5 सेंमीचा थर आणि त्याखालचा 15 सेंमीपर्यंतचा थर वेगळ्या पिशव्यांत भरावा, कारण न नांगरलेल्या जमिनीत अन्नद्रव्ये वरच साचतात.

तेव्हा नमुन्याच्या अर्जात तीन रकाने वाढवा: ओळींतले अंतर, मागच्या पट्ट्याची जागा, नमुन्याची खोली. अनुदान देताना खतपेटी, प्रत्येक फणामागे नळी आणि खताची मात्रा मोजून लावण्याची सोय बघा. पेरणी पट्ट्याच्या मधोमध येण्यासाठी 2 ते 3 सेंमी अचूकतेची उपग्रह-दिशादर्शक यंत्रणाही त्यातच धरा. बी 10 सेंमी सरकले की ते पट्ट्याच्या काठावर, कडक मातीलगत पडते.

आपले,
मृदा आणि मशागतीच्या क्षेत्रात काम करणारे