खाजेच्या मलमाची ट्यूब उघडण्याआधी

ती. आई-बाबा,
सा. नमस्कार.

औषधांच्या डब्यातल्या मलमाच्या सगळ्या ट्यूबा बाहेर काढा आणि चष्मा लावून वाचायला घ्या. ब्रँडचं ठळक नाव सोडून द्या, खालची बारीक अक्षरं महत्त्वाची. क्लोबेटासॉल, बीटामेथासोन, मोमेटासोन, फ्लुओसिनोलोन, हायड्रोकॉर्टिसोन यांपैकी काही दिसलं तर ते स्टेरॉइड. बाबा, टक्के बघून जोर ठरवू नका. हायड्रोकॉर्टिसोन १ टक्का हे सगळ्यात सौम्य आणि क्लोबेटासॉल ०.०५ टक्के हे सगळ्यात जहाल. आकडा वीसपट लहान, काम शेकडो पट तीव्र. बीटामेथासोन व्हॅलरेट आणि मोमेटासोन ०.१ टक्का यांची गणती तीव्र गटात होते. टक्क्यांची तुलना एकाच औषधाच्या दोन ट्यूबांपुरतीच करायची.

आता मुख्य गोष्ट. मलम लावल्यावर खाज थांबली म्हणजे औषध बरोबर होतं, असं होत नाही. स्टेरॉइड लाली, सूज आणि खाज दाबतं, मग मुळात कारण काहीही असो. इसब असेल तर नेमकं तेच हवं असतं. पण नायटा असेल तर शरीराचा बुरशीशी चाललेला झगडाच दाबला जातो. दोन-तीन दिवस बरं वाटतं, आत बुरशी मोकाट पसरते, मलम थांबवलं की दुप्पट खाज सुटते आणि माणूस पुन्हा तीच ट्यूब उचलतो. जांघेतला छोटा चट्टा मांडीभर होतो तो असाच. एकाच ट्यूबमध्ये स्टेरॉइड, बुरशीचं औषध आणि अँटिबायोटिक अशी मोट बांधलेली मलमं तर मला अजिबात पसंत नाहीत. त्यात बुरशीचं औषध आहे म्हणून स्टेरॉइडचं नुकसान टळत नाही.

नायट्याचा चट्टा उजेडात नीट बघा. कड गोल किंवा कमानीसारखी आखीव, किंचित उचललेली, त्यावर बारीक पापुद्रे आणि मधला भाग बराचसा निवळलेला. इसबाची कड सहसा अशी आखीव नसते. तरी इसबही कधी कधी नाण्यासारखा गोल उठतो, म्हणून नुसत्या डोळ्यांवर विसंबू नका. डॉक्टर कडेचे पापुद्रे खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली बघू शकतात. आधी स्टेरॉइड लावलं असेल तर ही कडही पुसट होते आणि चट्टा ओळखू येत नाही. म्हणून काय लावलं, किती दिवस लावलं, हे न विचारताही सांगायचं.

कुठे लावता, यावरही बरंच अवलंबून आहे. हायड्रोकॉर्टिसोन कोपराखालच्या हाताला जेवढं मुरतं ते १ धरलं, तर तळपायात ०.१४, कपाळावर ६ आणि अंडकोषाच्या त्वचेत तब्बल ४२ पट मुरतं, असं जुन्या मोजमापात आढळलं होतं. त्यामुळे तळपायाच्या जाड इसबासाठी दिलेली ट्यूब जांघेत, काखेत किंवा चेहऱ्यावर चालत नाही. तिथे लागलंच तर सौम्य मलम, तेही थोडेच दिवस आणि विचारून. जांघेत त्वचेवर त्वचा दाबून बसते, औषध आणखी मुरतं आणि ताणल्यासारखे पट्टे उमटतात. ते पुसट होतात, पूर्ण जात नाहीत. वरून प्लास्टिक किंवा घट्ट पट्टी बांधली तरी हाच प्रकार. पापण्यांना तर हात लावू नका. डोळ्यांत जात राहिलं तर काचबिंदू, मोतीबिंदूचा धोका असतो.

आई, घाबरून चाटभर लावणंही कामाचं नाही. त्याने खाज ना धड जाते ना राहते, आणि मलम मात्र महिनाभर चालू राहतं. माप सोपं आहे. तर्जनीच्या टोकापासून पहिल्या पेराच्या रेघेपर्यंत मलमाची एक सलग रेघ काढायची. ट्यूबचं तोंड ५ मिलिमीटरचं असेल तर ते साधारण अर्धा ग्रॅम भरतं. तेवढं बोटांसकट दोन तळहातांएवढ्या जागेला पुरतं. पंजासह एका पूर्ण हाताला अशा ४ रेघा, पावलासह एका पायाला ८. म्हणजे दोन तळहातांएवढ्या चट्ट्याला रोज एकदा लावलं तर १० दिवसांत ५ ग्रॅम संपायला हवं. तेवढ्याच चट्ट्याला १५ ग्रॅमची ट्यूब आठवड्यात रिकामी होत असेल तर काहीतरी चुकतंय.

फक्त चट्ट्यावर, पातळ थर, चोळून जिरवायची गरज नाही. बऱ्याच मलमांना दिवसातून एक वेळ पुरते. मॉइश्चरायझर आणि स्टेरॉइड यांत अर्धा तास जाऊ द्या. नंतर हात धुवा, चट्टा हातावरच असेल तर अर्थातच नाही. क्लोबेटासॉल सलग दोन आठवड्यांपेक्षा जास्त नको. दोन आठवड्यांत फरक नाही पडला तर जास्त जहाल ट्यूब शोधू नका, निदान पुन्हा तपासून घ्या. तीव्र मलम कित्येक आठवडे चाललं असेल तर एकदम बंद न करता डॉक्टरांना विचारून दिवसाआड करत कमी करायचं.

तुमच्या वयात त्वचा मुळातच पातळ होते. स्टेरॉइडने ती आणखी विरविरीत होते, जरा लागलं की जांभळे डाग पडतात, सालटं निघतात. आणि या वयातली बरीचशी खाज निव्वळ कोरडेपणाची असते. कोमट पाण्याने थोडक्यात अंघोळ, साबण काखा-जांघांपुरता, अंग टिपून लगेच मॉइश्चरायझर. आधी हे दोन आठवडे करून बघा.

काही ठिकाणी मात्र ट्यूब उघडायचीच नाही. एकाच बाजूला पट्ट्यासारखे फोड आणि आग म्हणजे नागीण असू शकते; तिची औषधं पहिल्या ७२ तासांत सुरू झालेली बरी. रात्री वाढणारी, बोटांच्या बेचक्यांतली खाज, आणि ती दोघांनाही, तर खरजेची शंका घ्या. पाण्याने टच्च भरलेले मोठे फोड आले तर त्याच दिवशी दाखवा. अंगावर काही न दिसता आठवडेच्या आठवडे खाजत असेल तर मूत्रपिंड, यकृत, थायरॉइड यांच्या तपासण्या आणि नव्याने सुरू झालेल्या गोळ्यांची यादी डॉक्टरांसमोर ठेवा.

आणि एकाची ट्यूब दुसऱ्याने वापरायची नाही. प्रत्येकीवर नाव, जागा आणि थांबवायची तारीख पेनाने लिहा.

तुमची लेक