आठ दिवसांच्या मजुरीबद्दल

मावशी, नमस्कार.

हे पत्र तुमची नात तुम्हाला वाचून दाखवेल. चारचौघांत लिहितोय, कारण गेल्या उन्हाळ्यात जे बोललो तेही चारचौघांतच बोललो होतो. पीक संपल्यावर पॉलिहाऊस साफ करायच्या कामावरून मी तुम्हाला म्हणालो, "दोन दिवसांचं काम आठ दिवस ताणायचं आणि मजुरी वाढवायची." तुम्ही मान वर केली नाहीत. खुरपं उचललंत आणि पुढच्या बेडवर, म्हणजे वाफ्यावर, जाऊन बसलात.

आपलं पॉलिहाऊस दहा गुंठ्यांचं, त्यात अडीच हजार रोपं रंगीत ढोबळी मिरचीची. पहिलं पीक असं आलं की मी गावात कॉलर ताठ करून फिरत होतो. ते संपल्यावर दोन दिवसांत झाडं उपटली, मागच्या दाराबाहेर ढीग घातला आणि आठवड्याभरात नवी रोपं लावली. जागा रिकामी ठेवायची म्हणजे पैसे झोपवायचे, असा माझा हिशेब. दुसऱ्या पिकात झाडं दुपारी माना टाकायची आणि संध्याकाळी पुन्हा उभी राहायची. मी पाणी वाढवलं, मग खत वाढवलं, मग दुकानात जे मिळेल ते औषध सोडलं. मिरची काही लिंबापुढे गेली नाही.

तेव्हा तुम्ही नुकत्याच कामाला आला होतात. एक झाड खुरप्यानं अलगद काढलंत, मूळ बादलीत खळखळून धुतलंत आणि माझ्या हातावर ठेवलंत. आल्याच्या कुडीसारख्या गाठी. मी म्हटलं, हरभऱ्याला असतात तशाच, चांगल्याच असतील. तुम्ही बांधावरच्या हरभऱ्याचं एक झाड उपटून आणलंत. त्याच्या गाठीला नख लावलं तर टचकन सुटून आली. ढोबळीच्या गाठीला नख लावलं तर मूळच तुटलं. "ही वर चिकटलेली नाही दादा, मूळच सुजलंय." निमॅटोड, म्हणजे मुळात शिरून गाठी करणारा डोळ्यांना न दिसणारा जंत, हा शब्द मी दहा वेळा ऐकला होता, पण तो बघितला त्या दिवशी. एका मादीची काही शे अंडी, उबदार मातीत महिन्याभरात पुढची पिढी तयार, आणि मी त्यांना मधे एक आठवडासुद्धा उपाशी ठेवलं नव्हतं.

म्हणून ते आठ दिवस. तुम्ही आदल्या संध्याकाळी बेड हलके भिजवायला लावायचात, म्हणजे मुळं तुटत नाहीत. कोरड्यात उपटलं की निम्मं मूळ खालीच राहतं, आणि रोगही त्याच्यासोबत मुक्काम करतो. झाडं गोणीत भरून पॉलिहाऊसपासून लांब नेऊन जाळली, कारण दाराशी टाकलेल्या ढिगातून पांढरी माशी आणि थ्रिप्स (फुलकिडे) जाळीच्या फटीतून परत आत येतात. गटाराकडेचा केना आणि गाजर गवतसुद्धा काढलंत. त्यावरून मी कुरकुरलो होतो, गवताला कुठं मिरची लागते म्हणून. पण पीक नसताना माशी त्यावरच जगते.

हे सगळं तुम्ही तळेगावकडच्या गुलाबाच्या पॉलिहाऊसमध्ये शिकलात. फेब्रुवारीत युरोपला माल जायचा तेव्हा खाली पडलेली पाकळी उचलली नाही तर सुपरवायझर बोलायचा, असं तुम्ही सांगायचात. सुपरवायझर बरोबर होता. त्याच पाकळीवर बुरशी वाढते आणि तिथून फुलावर चढते.

ब्लीचिंगचंही तसंच. मी शेवाळलेल्या खांबांवर थेट ब्लीचिंगचं पाणी मारत होतो. तुम्ही हात धरलात. आधी साबणाच्या पाण्यानं, काथ्यानं घासायचं, मग ब्लीचिंग, कारण घाणीवरच त्याची ताकद खर्च होते. रोजचं पाणी रोज कालवायचं, कालचं नको. आणि ड्रिपच्या नळ्यांना ॲसिड सोडायचं त्या दिवशी ब्लीचिंगचा डबा बाहेर. दोन्ही एकत्र आली तर विषारी वायू निघतो, हे मी ड्रिपवाल्याकडून नंतर ऐकलं, तुम्ही मात्र पहिल्याच दिवशी डबा उचलून ओट्यावर ठेवला होतात.

मग निमॅटोड मारायला माती उन्हात तापवायची, म्हणून सगळे बेड भिजवून प्लास्टिकचा कागद अंथरायचा होता. मी काळा मल्चिंग पेपर आणला. तुम्ही पदर तोंडाला लावून हसलात, ते मला लागलं. पारदर्शक हवा होता, पंचवीस मायक्रॉनचा. ऊन त्यातून आत जातं आणि माती तापते. काळ्यात कागदच जास्त तापतो. कडा मातीत गाडल्या, पडदे बंद केले आणि एप्रिल-मेचे सहा आठवडे आत गेलो नाही. माशीलाही खायला काही उरलं नाही.

आता तंबाखूचं. तुम्ही म्हणालात, "तंबाखू मळलेल्या हातानं झाडाला शिवू नका." मला वाटलं, मावशी मला व्यसनमुक्तीचं कीर्तन सांगतायत. पण तंबाखूतला मोझॅकचा, म्हणजे पानांवर चट्टे पाडणारा, विषाणू सुक्या पानातही वर्षानुवर्षं टिकतो आणि मिरची, टोमॅटोला बोटांवरून लागतो. आता दारात साबण आहे. तंबाखू सुटलेली नाही, हात मात्र धुतो.

या वर्षी ढोबळी उभी राहिली, भरदुपारीसुद्धा. सगळं निवळलं असं नाही. कडेच्या दोन बेडवर गाठी दिसल्या. कागदाच्या कडेला माती तेवढी तापत नाही, त्यामुळे तिथं कसर राहिली. तुम्ही तेव्हाच म्हणाला होतात, कडेला कागद हातभर जास्त घ्या. मी कागद वाचवला होता.

बाजारात लोक मला विचारतात, यंदा कोणतं औषध मारलं. मी आता तुमचं नाव सांगतो. पहिल्या वेळी नव्हतं सांगितलं, तेही इथंच कबूल करतो.

पुढच्या बुधवारपासून झाडं काढायची आहेत. आठ दिवस धरलेत, नऊ लागले तरी चालतील. आत शिरण्याआधी पाय बुडवायची दारातली बादली मी भरून ठेवतो, रोजच्या रोज.

तुमचा,
ढोबळीवाला दादा