बाबांच्या शाळेतला कॉम्प्युटर इथे सापडला

लीड्स, रविवार रात्र

ती. बाबा आणि आईस, सा. न.

मी मजेत आहे. ऑफिस, जेवण, थंडी सगळं नेहमीसारखंच, ते परत लिहीत नाही.

आई, आधी तुझं. दादाने तुला "तिच्या खोलीत धूर झाला" एवढंच सांगितलं आणि तू दोन दिवस झोपली नाहीस म्हणे. आग वगैरे काही नव्हती गं. जुन्या कॉम्प्युटरच्या पॉवर सप्लायमध्ये घरच्या विजेच्या बाजूला दोन कपॅसिटर (वीज साठवणारे छोटे भाग) असतात, त्यांचं पारदर्शक कवच जुनं झालं की तडकतं, आत दमट हवा जाते आणि वर्षांनी करंट मिळाला की फुटतात. वास घाण येतो, बस. मी तेव्हाच प्लग काढला, खिडक्या उघडल्या आणि दुसऱ्या दिवशी दोन्ही नवे घातले. घरमालकिणीला सांगितलंय, ती काही बोलली नाही. प्लग भिंतीतून काढल्याशिवाय मी आत बोट घालत नाही, तुझी शपथ.

आता बाबा, तुमच्यासाठी. मला बीबीसी मायक्रो मिळाला! तोच, लाल रंगाच्या दहा फंक्शन कीज असलेला, मॉडेल बी. १९८४ च्या क्लास या शाळांना कॉम्प्युटर देणाऱ्या सरकारी योजनेत तुमच्या शाळेत आलेला, तुम्ही त्या खोलीची किल्ली खिशात घेऊन फिरायचात, आणि मुलांना चपला बाहेर काढून आत यायला लागायचं. हा इंग्लंडातल्या केंब्रिजच्या एकॉर्न कंपनीने बनवलेला, आणि मी इतकी वर्षं या देशात राहून एकदाही शोधला नव्हता याचं मला वाईट वाटलं.

मिळाला कार बूट सेलमध्ये. हे नीट सांगते कारण मलाच समजायला तीन रविवार लागले. बूट म्हणजे आपली गाडीची डिकी. रविवारी पहाटे लोक एखाद्या शेतात गाड्या ओळीने लावतात, जागेचे पैसे भरतात, डिकी उघडतात आणि घरातलं नको झालेलं सामान टेबलावर मांडून विकतात. तुम्ही म्हणाल पुण्याचा जुना बाजार, पण तिथे विकणारे धंदेवाले असतात. इथे चांगल्या घरातले लोक, रिटायर झालेले मास्तर, नोकरदार बायका, थर्मासमधून चहा पीत आपल्याच आजीच्या कपबश्या ५० पेन्सला विकत उभे असतात. आपण असं सामान कामवाल्या मावशींना देऊ, नाहीतर भंगारवाल्याला, पण स्वतः टेबल मांडून उभं राहायचं म्हणजे आपल्याला लाजच वाटेल की नाही? इथे कोणालाच वाटत नाही. घासाघीस पण चालते, फक्त हळू आवाजात आणि हसून. मी ६० चे ४५ केले. विकणारे आजोबा म्हणाले चालतो की नाही माहीत नाही, पोटमाळ्यावर होता, आणि आत कोणीतरी काहीतरी बसवलंय.

ते "काहीतरी" काढायला मला पाच आठवडे लागले. फोनवर मी गडबडीत असायचे त्याचं कारण हेच, दुसरं काही नव्हतं.

दुरुस्त केलेला पॉवर सप्लाय चालला पण मशीन चालू होईना. तुम्हाला आठवतंय ना, चालू केलं की आधी जाड "बूऽऽ" आणि मग बारीक "बीप"? इथे नुसताच बूऽऽऽ, बंद करेपर्यंत. म्हणजे प्रोसेसर, मशीनचा मेंदू, सुरुवातीलाच अडकलाय. केसचे चार स्क्रू काढले, त्यांच्या शेजारी प्लास्टिकवर "फिक्स" लिहिलेलं असतं, झाकण उचललं आणि आत बघून पोटात गोळा आला. रॉमच्या (कायमचे प्रोग्राम भरलेल्या चिपच्या) सॉकेटात एक जास्तीचा बोर्ड खोचलेला, मूळचे रॉम उचलून त्याच्यावर बसवलेले, दोन पिवळ्या वायरी, एक हिरवी, मागे भोक पाडून बसवलेला स्विच, आणि स्पीकरच्या वायरमध्ये एक छोटं गोल बटण. इन्सुलेशन टेप सुकून पापुद्रे निघत होते.

पटकन सगळं उपटावंसं वाटलं होतं. पण तुम्ही शिकवलंय की गणित खोडायच्या आधी चूक कुठे आहे ते शोधायचं. म्हणून आधी फोटो काढले, मग मल्टिमीटरने एकेक वायर कुठून कुठे जाते ते वहीत लिहिलं. पिवळ्या दोन्ही आयसी ७६ ला, म्हणजे कुठला रॉम वापरायचा ते लक्षात ठेवणाऱ्या चिपला, जात होत्या. हे तुम्हाला आवडेल बाबा. मुळात सिस्टिमचा रॉम सोडून बाकीच्या रॉमसाठी चार जागा, चार ओळखायला दोन बिट (शून्य-एकचे दोन आकडे) पुरतात. पण सिस्टिम सोळा रॉम ओळखू शकते, त्याला चार बिट लागतात, आणि आयसी ७६ चारही बिट धरतो, फक्त बोर्डावर दोनच वापरलेत. उरलेले दोन त्या माणसाने या पिवळ्या वायरींनी नेले होते! हिरवी प्रोसेसरच्या ३४ नंबरच्या पायाला, म्हणजे लिहायचं की वाचायचं ते सांगणारी लाइन, आणि ती मागच्या स्विचमधून एका रॅम चिपला. म्हणजे रॉमच्या जागी रॅम, जिच्यात लिहिताही येतं, तिच्यात प्रोग्राम भरायचा आणि स्विचने कुलूप लावायचं. कोणाचं काम माहीत नाही पण डोकं चांगलं होतं.

बिघाड बॅटरीचा होता. वीज गेली तरी रॅममधलं राहावं म्हणून त्या बोर्डावर छोटी निकेल कॅडमियमची बॅटरी होती, ती पाझरून हिरवा थर आलेला आणि तांब्याची एक रेघ पूर्ण खाल्लेली. आई, आपल्या देवाच्या तांब्याला येतो ना हिरवा रंग, तसाच. तू चिंच लावतेस, मी व्हिनेगर लावलं, दोन थेंब खाली मूळ बोर्डावर ओघळले होते तेवढ्यापुरतं, मग स्पिरिटने पुसून घेतलं. बोर्ड काढला, वायरींचं सोल्डर सोडवलं, रॉमचे पाय ब्रशने घासून मूळच्या सॉकेटात परत बसवले. एका सॉकेटची पिन वाकवलेली होती, ती सुईने सरळ करताना माझा श्वास अडकला होता.

मग प्लग लावला. बूऽऽ, बीप! बीबीसी कॉम्प्युटर ३२के. खाली बेसिक, म्हणजे त्याची प्रोग्रामची भाषा. मी खुर्चीत बसून रडले, उगाच.

स्पीकरचं बटण मात्र मी काढलं नाही. या मशीनला आवाज कमी करायला बाहेरून काही सोयच नाही. केसखाली पोस्टकोड कोरलाय, शाळांचे कॉम्प्युटर चोरीला जाऊ नयेत म्हणून कोरायचे. म्हणजे वर्गात अशी दहा-बारा मशीनं एकदम बीप करत असणार आणि कोणा मास्तरांनी वैतागून हे बसवलं असणार. तुमच्यासारखेच कोणीतरी. सोल्डर पण फार सुबक केलंय. ते तसंच राहू दे.

आता बाकीचं. बाबा, तुम्ही ४५ पौंडांचे रुपये करणार हे मला माहितीय, पाच हजारांच्या आसपास होतात. तिकीट महाग म्हणून गणपतीला आले नाही आणि यावर खर्च केला असं वाटेल, पण तिकीट त्याच्या वीसपट होतं, खरंच सांगते. स्लॅबचे ५० हजार दादाच्या खात्यात गुरुवारी टाकलेत, अजून लागले तर त्याने मागावेत, गप्प बसू नये.

आई, सांगलीच्या स्थळाचा फोटो बघितला. मुलगा चांगला वाटतो. पण मी बोलल्याशिवाय त्यांना शब्द देऊ नकोस, शनिवारी त्याच्याशी मी स्वतः बोलेन. नाही म्हणत नाहीये. डिसेंबरची सुट्टी मागितलीय, मिळाली की आधी तुलाच सांगते.

मोतीबिंदूच्या ऑपरेशनला मी नव्हते. दादा होता, सगळं नीट झालं, तरी ते माझ्या मनात रोज येतं. बाबा, डिसेंबरमध्ये हा कॉम्प्युटर बॅगेतून आणायचा विचार आहे. पडद्याचा मोड ५ लावला की एका ओळीत फक्त २० अक्षरं येतात, मोठी मोठी, तुम्हाला चष्म्याशिवाय दिसतील. ड्रॉप्स वेळेवर घाला.

तुमची,
शुभा

ता. क. तुमच्या जुन्या वहीतल्या पाढ्यांच्या प्रोग्रामचा फोटो दादाला पाठवायला सांगा. मी टाइप करून ठेवते.