आईचा दोष नव्हता हे सांगणाऱ्या फ्रीजवाल्या भाऊंना

भाऊ, नमस्कार.

तुम्ही येऊन गेलात त्याला आज तीन आठवडे झाले. साडेपाचशे रुपये घेतलेत, अवजारांची पिशवी गाडीला अडकवलीत आणि "येतो ताई" म्हणून निघालात. तेव्हा आभार मानायचं राहून गेलं. बोलायला तोंड उघडलं असतं तर रडू आलं असतं, म्हणून गप्प राहिले. आता लिहिते आहे, आणि सगळ्यांना वाचता येईल असं लिहिते आहे, कारण तुम्ही आमच्या घरी जे केलंत ते चार लोकांना कळलं पाहिजे.

मे महिन्यातलं अकोला काय असतं ते इथे राहणाऱ्यालाच ठाऊक. पारा ४४ वर, दुपारी रस्त्यावर चिटपाखरू नाही, कूलरच्या टाकीत दिवसातून तीनदा पाणी ओतायचं. त्यात आमचा फ्रीज बसला. १९० लिटरचा, एका दाराचा, नऊ वर्षांचा. आतला दिवा लागायचा पण गारवा नाही. मागून दर चार-पाच मिनिटांनी घुंऽऽ असा आवाज यायचा, मग टक्, की शांत. घरात माझी आई, वय ७४, सकाळ-संध्याकाळ इन्सुलिन. न उघडलेल्या कुप्या २ ते ८ अंशांत ठेवाव्या लागतात, त्या शेजारच्या काकूंच्या फ्रीजमध्ये नेऊन ठेवल्या. चालू कुपी माठाजवळ ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवली. ते सगळं निभावलं. निभावलं नाही ते वेगळंच होतं.

पहिला माणूस आला त्याने फ्रीज भिंतीपासून पुढेसुद्धा ओढला नाही. मागे हात घातला, कॉम्प्रेसरला, म्हणजे फ्रीजच्या मोटारीला, बोट लावलं, "तापलाय, गेला," म्हणाला. खर्च ७,८००. मी विचारलं, असा कसा गेला? त्याने आईकडे बघितलं. आई नेमकी हातात पाण्याची बाटली घेऊन उभी होती. "आजी दिवसभर दार उघडत असतील. लोड येतो ना." एवढं बोलून नुसत्या येण्याचे ४५० रुपये घेतले आणि गेला.

भाऊ, आई माझ्याकडे राहते. बाबा गेल्यावर मी तिला आग्रहाने आणलं. लेकीच्या घरी राहायचं हे तिच्या पिढीला किती जड जातं ते तुम्हाला सांगायला नको. ती आधीच अंग चोरून वागते. त्या दिवसापासून तिने स्वयंपाकघरात येणं सोडलं. माठातलं गार पाणी दिलं तरी "साधं चालेल मला". तिसऱ्या दिवशी संध्याकाळी तिने ट्रंकेतून पासबुक काढलं आणि माझ्यापुढे ठेवलं. "माझ्या हातून झालंय. माझ्या पेन्शनीतून नवा घे." मी समजावलं, चिडले, पुन्हा समजावलं. पण मी कोण? मी तिची मुलगी, मी तिची बाजू घेणारच. तिच्या लेखी खरं तेच, जे गळ्यात ओळखपत्र घातलेला माणूस सांगून गेला होता.

दुसरा आला तो म्हणाला गॅस संपलाय, २,८०० द्या, आत्ता भरतो. सिलिंडर सोबतच आणला होता. का कोण जाणे, मी नको म्हटलं. बरं झालं.

मग भाजीवाल्या मावशींनी तुमचं नाव सांगितलं. डाबकी रोडवर छोटं दुकान आहे म्हणे, माणूस बोलत नाही फार, पण खोटं बोलत नाही.

तुम्ही आलात, आणि आधी पाच मिनिटं नुसते फ्रीजजवळ बसलात. घुंऽऽ, टक्. घुंऽऽ, टक्. दोनदा ऐकलंत. मग प्लग काढलात, फ्रीज पुढे ओढलात, कॉम्प्रेसरच्या बाजूचं तळहाताएवढं झाकण उघडलंत. आधीच्या दोघांनी त्या झाकणाला हातही लावला नव्हता, त्याच्यावरची धूळ साक्षीला होती. मी गॅसचं विचारलं तर म्हणालात, "गॅस कमी असता तर मोटार थांबलीच नसती ताई, चालतच राहिली असती. तुमची तर सुरूच होत नाही." एका वाक्यात २,८०० रुपयांचा निकाल लागला.

आई दारातून बघत होती. तुम्ही विचारलंत, "काय करत होत्या तुम्ही?" ती म्हणाली, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होते. लगेच तुम्ही तिला "बाई" म्हणालात. "मग या बाई, बसा इथं, हे तुम्हालाच समजंल." तिला कितीतरी वर्षांनी कुणी बाई म्हटलं होतं. ती येऊन पाटावर बसली.

तुम्ही मीटर लावला. कॉम्प्रेसरच्या तीन पिना: एक सामाईक, एक सुरू करायची, एक चालवायची. पहिल्या जोडीवर १६ आलं, दुसऱ्या जोडीवर २१. "बेरीज किती, बाई?" आई म्हणाली, सदतीस. तुम्ही तिसऱ्या जोडीवर टोकं टेकवली आणि मीटर तिच्याकडे वळवला. ३७. "बेरीज जुळली म्हणजे आतली वाइंडिंग, तारेची गुंडाळी, शाबूत." मग एक टोक पिनेला आणि एक उघड्या पत्र्याला लावून दाखवलं, मीटर हलला नाही, म्हणजे करंट बॉडीत उतरत नाही. कॉम्प्रेसर धडधाकट होता. ७,८०० रुपयांचं निदान आईने बेरीज करून खोडलं.

आणि मग ते झालं ज्यासाठी हे पत्र आहे. त्या पिनांवर बसवलेला रिले तुम्ही ओढून काढलात. आगपेटीहून लहान, काळा, प्लास्टिकचा. तो आईच्या कानाजवळ धरलात. ती म्हणाली, ऐकू येत नाही. तिचा डावा कान अधू आहे हे तुम्हाला कुणी सांगितलं नव्हतं, तिने मान वळवली त्यावरून तुम्ही ओळखलंत. तुमचे गुडघे दुखत असावेत, कारण फ्रीजला धरून उठलात. वळसा घालून तिच्या उजव्या बाजूला आलात, पुन्हा खाली बसलात, आणि रिले तिच्या उजव्या कानाशी हलवलात. खुळखुळ. "ऐकलं? आतली चकती फुटली. चांगला असता तर वाजला नसता. मोटारीला धक्का देऊन सुरू करणारा हाच. हा मेला की मोटार नुसती घुमते, तापते, मग बाजूचा ओव्हरलोड तिची लाईट तोडतो, ते 'टक्' त्याचंच. बाई, दार उघडल्यानं हे होत नाही. लाईट सारखी जाते-येते, व्होल्टेज पडतं, त्यानं होतं. तुम्ही काही केलं नाही."

मग तो रिले तुम्ही तिच्या तळहातावर ठेवलात. तिने स्वतः तो कानाशी नेऊन हलवला. पुन्हा हलवला. मी ओट्याकडे तोंड करून उभी राहिले.

भाऊ, तुम्हाला उठायची गरज नव्हती. नवा रिले लावून, पैसे घेऊन गेला असता तरी फ्रीज चालला असता, आम्ही तुम्हाला चांगला कारागीरच म्हटलं असतं. पण घरात एक म्हातारी स्वतःला दोष देत बसली आहे हे तुम्ही पाहिलंत आणि त्याची दुरुस्ती आधी केलीत. चार दिवस मी जे करू शकले नाही ते तुम्ही एका खुळखुळ्याने केलंत. ज्याला आपलं काम खरोखर येतं त्याला दुसऱ्यावर खापर फोडावं लागत नाही, असं मला तेव्हापासून सारखं वाटतं. त्या पहिल्या माणसाला झाकण उघडायचा कंटाळा होता, म्हणून त्याने आईकडे बोट दाखवलं. त्याला ती सोपी वाटली. याचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही, आणि जाऊही नये.

चहा घेताना आईने तुम्हाला वर्गातल्यासारखे प्रश्न विचारले आणि तुम्ही एकेकाचं उत्तर दिलंत. गारवा कोण बनवतं? "कुणीच नाही. कूलरमधे पाणी उडतं अन् हवेतली उष्णता घेऊन जातं ना, तसंच. इथं पाण्याऐवजी गॅस." आतल्या नळ्यांत तो उडतो, दुधा-भाजीतली उष्णता ओढून घेतो. कॉम्प्रेसर त्याला दाबून मागच्या काळ्या जाळीत ढकलतो, तिथे उष्णता बाहेर पडते, गॅस पातळ होतो आणि बारीक नळीतून परत आत जातो. म्हणून ती जाळी भिंतीला चिकटवायची नाही, धूळ साचू द्यायची नाही. बंद नळ्यांतला तोच गॅस वर्षानुवर्षं फिरतो. तो संपत नाही, कुठे भोक पडलं तरच गळतो. आणि गळला असेल तर आधी भोक शोधायचं, फिल्टर बदलायचा, आतली हवा ओढून घ्यायची, मगच भरायचा. आमच्या फ्रीजच्या लेबलवर आर६००ए लिहिलंय आणि वजन फक्त ४५ ग्रॅम. पेट घेणारा गॅस, तोही मोजून. त्या दुसऱ्या माणसाच्या सिलिंडरमध्ये काय होतं कुणास ठाऊक. आठवलं की अंगावर काटा येतो.

निघताना तुम्ही दाराच्या रबरात दहाची नोट अडकवून ओढून बघितलीत. नोट घट्ट होती, म्हणजे रबर चांगलं. मग जुन्या बिलाच्या पाठीवर दर लिहून दिलेत, "पुढं कुणी आलं तर फसू नका" म्हणून. रिले आणि ओव्हरलोडचा जोड ३५०, येण्याचे २००. थर्मोस्टॅट, म्हणजे गारवा कमी-जास्त करणारं बटण, मजुरीसकट ६०० ते ७००. दाराचं रबर ८०० ते १,०००. गॅस, सगळं रीतसर करून, २,००० ते २,५००. कॉम्प्रेसर खरंच गेला तर साडेपाच-सहा हजारांच्या पुढे, आणि फ्रीज बारा-तेरा वर्षांचा असेल तर तो खर्च करण्याआधी दहादा विचार करा. गावागणिक थोडं इकडेतिकडे होईल, पण वाचणाऱ्यांनी हे लिहून ठेवावं म्हणून इथे देते आहे. स्वतःच्या धंद्याचे भाव असे कागदावर लिहून देणारा माणूस मी पहिल्यांदा पाहिला.

त्या कागदावर शेवटी एक ओळ होती: "दोन दारांचा, वर बर्फ पण खाली गरम, तर गॅस नाही, हीटर बघा." गेल्या आठवड्यात पुण्याहून बहिणीचा फोन आला. तिच्या दोन दारांच्या फ्रीजचं अगदी हेच. तिलाही गॅसच सांगितला होता. मी तुमची ओळ वाचून दाखवली. तिने हट्टाने फ्रीजरच्या आतलं मागचं कव्हर उघडायला लावलं, तर आत बर्फाची भिंत. बर्फ वितळवणारा हीटर जळाला होता, त्यामुळे खाली जाणारी गार हवा अडली होती. तिचेही पैसे वाचले. ते तुमच्या खात्यात लिहून ठेवा.

एक सांगायचं राहिलं. लाईट येऊन लगेच फ्रीज सुरू झाला की मोटारीवर ताण येतो, पाच मिनिटं थांबून बटण दाबा, असं तुम्ही आईला सांगून गेला होतात. ते काम तिने स्वतःकडे घेतलं आहे. परवा दुपारी दोनदा लाईट गेली. दोन्ही वेळा ती उठली, बटण बंद केलं, लाईट आल्यावर घड्याळ बघत पाटावर बसून राहिली आणि बरोबर पाच मिनिटांनी बटण दाबलं. मग दार उघडून गार पाण्याची बाटली काढली, आणि मला विचारलं, तुला देऊ का?

जुना रिले तिच्या सुईदोऱ्याच्या डब्यात आहे. टाकू देत नाही.

तुमची,
गोरक्षण रोडवरची ताई